शाईपेन घेण्याआधी वही उघडा

शाईपेनाबद्दलच्या तक्रारी ठरलेल्या आहेत. शाई फुटते. मागच्या पानावर उतरते. पेन खरखरतं. लिहिताना मध्येच अडतं. खिशात गळतं. तक्रार करणारा पेनालाच बोल लावतो, त्याहून महागाचं पेन घेतो, ते त्याच वहीत, त्याच शाईने आणि बॉलपेनामुळे लागलेल्या त्याच दाबाने चालवतो, आणि थोड्याच दिवसांत तेही ड्रॉवरात जाऊन पडतं. या पाचांतल्या पहिल्या दोन तक्रारी मुख्यतः कागदाच्या आहेत. तिसरी हाताची किंवा निबेच्या पात्यांची, चौथी बहुतेकदा वाळलेल्या शाईची आणि पाचवी पेनात कोंडलेल्या हवेची. पेनाच्या किमतीशी यातल्या एकीचाही फारसा संबंध नाही.

म्हणून कुणी विचारलं, की कुठलं पेन घेऊ, तर मी उलट विचारतो: लिहिणार कशावर? कॉलेजच्या एकरेघी वहीत, ऑफिसातल्या झेरॉक्सच्या कागदावर, की घरी रोजनिशीत? आणि लिहिणार काय, मराठी की इंग्रजी? हा दुसरा प्रश्न दुकानात कुणी विचारत नाही, पण निब निवडताना निम्मा निर्णय त्यावर ठरतो.

गळतं का, अडतं का

पावसाळ्यात जुन्या चाळीच्या भिंतीत ओल खालून वर चढते. तिला कुणी ढकलत नसतं. विटेतल्या बारीक छिद्रांच्या कडांना पाणी चिकटतं आणि स्वतःला पुढे ओढून घेतं. शाळेत याला केशाकर्षण म्हणायला शिकवलं होतं. शाई निबेच्या टोकाला येते ती याच ओढीने. गुरुत्वाकर्षणाचा वाटा त्यात कमी. निबेच्या पोटाशी जी खाचा पाडलेली काळी पट्टी असते, जिला आपल्याकडे जीभ म्हणतात, तिच्यात एक केसासारखी बारीक वाट असते. त्या वाटेने शाई निबेच्या चिरेत येते, आणि टोक कागदाला टेकलं की कागद ती ओढून घेतो.

इथवर सोपं आहे. पण जेवढी शाई बाहेर गेली तेवढी हवा आत यायला हवी, नाहीतर आत पोकळी तयार होते आणि शाई थांबते. शाईपेनाचं खरं कोडं हेच होतं. लुईस वॉटरमन या अमेरिकन गृहस्थाने १८८४ साली पेटंट घेतलं ते अशा जिभेचं, जिच्यात शाईला बाहेर यायला आणि हवेला आत जायला बेताची सोय होती. आजचं दोनशे रुपयांचं पेन असो की पन्नास हजारांचं, आतली तऱ्हा तीच आहे.

आता गळण्याचा हिशेब करू. ड्रॉपरने भरायचं पेन आहे, शाई अर्ध्यावर आली आहे आणि आत २ मिलिलिटर हवा आहे. नरिमन पॉइंटच्या एसी ऑफिसात हे पेन २४ अंशांवर होतं. तुम्ही ते शर्टाच्या खिशाला लावून मे महिन्याच्या उन्हात चर्चगेटपर्यंत चालत आलात आणि ते ३४ अंशांवर गेलं. दहा अंशांनी हवा साधारण साडेतीन टक्के फुगते. दोन मिलिलिटरचे साडेतीन टक्के म्हणजे ०.०७ मिलिलिटर, म्हणजे शाईचा एक टपोरा थेंब. जिभेच्या खाचा असतात त्या हा थेंब धरून ठेवायला. त्या आधीच भरलेल्या असतील तर थेंब टोपणात जातो, आणि पुढच्या वेळी टोपण काढलं की बोटांवर येतो. पेन फुटलेलं नसतं, आटे सैल नसतात. हवा फक्त फुगलेली असते. ड्रॉपरच्या पेनात शाई पाव भागावर आली की ते पुन्हा भरावं, असं जुने लोक सांगत ते याचसाठी. हवा जितकी कमी तितका फुगवटा कमी.

हाच खेळ घाटात मोठा होतो. लोणावळा समुद्रसपाटीपासून सुमारे ६२० मीटर उंचावर आहे आणि तिथे हवेचा दाब मुंबईपेक्षा साधारण सात टक्क्यांनी कमी असतो. अर्धं रिकामं पेन बॅगेत आडवं टाकून पुण्याला निघालात तर आतली हवा फुगून असे दोनेक थेंब बाहेर ढकलू शकते. विमानात तर केबिनचा दाब इतका उतरतो, की हवा पाव भागाने किंवा त्याहूनही जास्त फुगते. उपाय बिनखर्चाचा आहे: निब वर करून पेन उभं ठेवा. मग जिभेपाशी शाई नसते, नुसती हवा निसटून जाते. विमानासाठी पेन काठोकाठ भरलेलं तरी हवं किंवा रिकामं तरी.

कन्व्हर्टर (बाटलीतून शाई ओढून घेणारी, पेनात बसणारी छोटी पिचकारी) किंवा कार्ट्रिज (शाई भरलेली तयार नळी) असलेल्या पेनात मुळात शाईच अर्धा-पाऊण मिलिलिटर, त्यामुळे हवाही तेवढीच. लोकलने ये-जा करणाऱ्याने, आणि विशेषतः पांढरा शर्ट घालणाऱ्याने, कन्व्हर्टरचं पेन घ्यावं असं माझं स्पष्ट मत आहे. ड्रॉपरचं पेन टेबलावर ठेवून पानंच्या पानं लिहिणाऱ्यासाठी. त्यात तीन-चार मिलिलिटर शाई मावते आणि आठवडाभर बाटली उघडावी लागत नाही.

अडण्याची कारणं याहून साधी. टोपण नीट बसत नाही आणि निब सुकते. शाई आठवडे तशीच राहून जिभेत घट्ट होते. नवीन पेनात कारखान्यातलं तेल राहिलेलं असतं; भांड्यांच्या लिक्विडचा एक थेंब घातलेल्या पाण्याने एकदा धुतलं की ते जातं. आणि पानावर घामट हात फिरला असेल तर तेवढ्या पट्ट्यात शाई कागदाला धरत नाही. मुंबईत हे फार होतं. हाताखाली एक जाड कागद घ्या, पेन बदलू नका.

निबेचं टोक आणि 'बिब्बा' हा शब्द

घड्याळजीच्या डोळ्याला असतं तसलं दहापट मोठं दाखवणारं भिंग मिळालं तर निब त्याखाली धरून बघा. मधोमध चीर, चिरेच्या दोन बाजूंना दोन पाती, आणि प्रत्येक पात्याच्या टोकाला वितळवून चिकटवलेला कठीण धातूचा अर्धा मणी. दोन्ही अर्धे मणी एका पातळीत असले तर पेन गुळगुळीत चालतं. एक केसभर वर असला, तर एका दिशेने जाताना कागद खरवडतो आणि उलट दिशेने येताना नाही. 'निब खराब आहे' अशी तक्रार असते तेव्हा पुष्कळदा एवढंच झालेलं असतं. वर आलेलं पातं नखाने अगदी हलकेच खाली दाबायचं, भिंगातून बघायचं, पुन्हा दाबायचं. जोर लावलात तर निब गेली.

तो मणी पूर्वी इरिडियमचा म्हणवला जाई. स्वस्त निबांवर अजूनही 'इरिडियम पॉइंट जर्मनी' असं कोरलेलं असतं. त्यावरून निब जर्मनीत झाली असंही समजू नये आणि तिच्यात इरिडियम आहे असंही नाही. आता ऑस्मियम, रुथेनियम, टंगस्टन अशा धातूंचे मिश्रधातू वापरतात. ते इतके टणक असतात, की 'माझं पेन कुणाला देऊ नका, निबेला वळण लागतं' या घरोघरच्या ताकिदीत फारसं तथ्य नाही. टोक झिजतं, पण वर्षानुवर्षं लिहून. बँकेत फॉर्म भरायला पेन मागणाऱ्या माणसाने ते एका सहीत बिघडत नाही. मात्र तो बॉलपेनासारखं दाबून लिहील आणि पाती फाकवून परत देईल, ही भीती खरी आहे. तेव्हा देऊ नका, पण खरं कारण सांगा.

सोन्याच्या निबेचं आकर्षण पुष्कळांना असतं. तिच्यावर ५८५ असा आकडा असेल तर ती १४ कॅरटची, ७५० असेल तर १८ कॅरटची. सोनं गंजत नाही, हा तिचा निर्विवाद फायदा. आंबट, म्हणजे आम्लयुक्त, शाया वापरणाऱ्याला त्याचं मोल आहे. बाकी लिहिताना जाणवणारा मऊपणा धातूपेक्षा निबेच्या जाडीवर आणि आकारावर ठरतो, आणि कागदाला टेकतो तो मणी दोन्हीकडे सारखाच कठीण असतो. पहिलं पेन सोन्याच्या निबेचं घेऊ नये. दुसरंही नाही घेतलंत तरी काही अडत नाही.

आता जाडी. निबेवर एक्स्ट्रा फाइन, फाइन, मीडियम, ब्रॉड यांची आद्याक्षरं असतात, पण त्यांना सर्वमान्य माप नाही. जपानी कंपन्यांची फाइन निब (पायलट, सेलर, प्लॅटिनम) ढोबळमानाने ०.३ ते ०.४ मिलिमीटरची रेघ काढते. जर्मन फाइन निबेची रेघ अर्ध्या मिलिमीटरच्या पुढे जाते. म्हणजे जपानी मीडियम आणि जर्मन फाइन जवळपास शेजारी. जपानी लोकांना कांजीतल्या, म्हणजे चिनी वळणाच्या चित्राक्षरांतल्या, गच्च रेघा लहान चौकटीत बसवायच्या असतात, त्यामुळे त्यांच्या निबा बारीक.

आपलं काय? आपली अडचण जपान्यांच्या जवळची आहे, इंग्रजांच्या नाही. आठ मिलिमीटरच्या ओळीत वर मात्रा, रफार, अनुस्वार. खाली उकार, ऋकार. अक्षराच्या अंगाला उरतात जेमतेम चार मिलिमीटर. त्यात ध, भ, थ यांच्या गाठी मिलिमीटरभराच्या. जर्मन मीडियमची पाऊण मिलिमीटरची रेघ, वर कागदाने फुटलेली थोडी शाई, की गाठ भरून काळा ठिपका होतो. ब मधली तिरकी रेघ बुजते, ष वाचता येत नाही, 'ष्ट्र' आणि 'द्ध्य' यांचा तर लगदा होतो. याच निबेने इंग्रजी लिहिलेलं पान मात्र सुरेख दिसतं. म्हणून इंग्रजी सही करून पेन पसंत करणारा माणूस घरी मराठी लिहायला बसला की खट्टू होतो.

तेव्हा दुकानात वेटोळी काढू नका, सहीही करू नका. 'बिब्बा' लिहा. 'धृतराष्ट्र' लिहा, 'विषण्ण' लिहा, रोज लिहिता त्याच आकारात. मग शब्दावर एक सलग शिरोरेघ ओढा आणि ती ओढताना हाताकडे लक्ष द्या. पाती वरखाली असतील तर ते या आडव्या लांब रेघेत हमखास कळतं. रोमन अक्षरांत एवढी लांब आडवी रेघ येतच नाही. आणखी एक गोष्ट बघा. आपण अक्षरं आधी लिहितो आणि शिरोरेघ मागून देतो, म्हणजे निब ओल्याच कान्यांवरून पुन्हा जाते. शाई जास्त सोडणारी निब असेल तर काना आणि शिरोरेघ मिळतात तिथे प्रत्येक ठिकाणी फुगीर गाठ दिसेल. अशी निब मराठीसाठी घेऊ नये, कितीही घसरगुंडीसारखी चालत असली तरी.

दुकानदार निब बाटलीत बुडवून हातात देतो, हाही एक चकवा. बुडवलेली निब पहिल्या दोन-तीन ओळी ओसंडून लिहिते. अर्धं पान लिहिल्याशिवाय पेनाचा खरा ओघ कळत नाही. फोर्टमधल्या पेनांच्या दुकानांत आणि क्रॉफर्ड मार्केटजवळच्या अब्दुल रेहमान स्ट्रीटवर गर्दीच्या वेळी हे जमणं कठीण. सकाळी दुकान उघडल्या उघडल्या जा आणि आपली वही बरोबर न्या. 'शेठ, माझ्या कागदावर बघू द्या' म्हटलं की कुणी नाही म्हणत नाही. तिथल्या गुळगुळीत पॅडवर सगळीच पेनं चांगली चालतात.

टोक आडवं छाटलेली, १.१ मिलिमीटरची स्टब निब अलीकडे लोकप्रिय आहे. तिने काना जाड आणि शिरोरेघ बारीक येते. पाकिटावरची नावं, पत्रिकेवरचा मजकूर यांना शोभतं, वहीत नाही. पोथीतल्यासारखं वळण तिने येईल अशी आशा मात्र ठेवू नका. देवनागरीसाठी बोरूचं टोक तिरकं छाटतात आणि तो काप रोमन सुलेखनातल्या कापाच्या उलट दिशेला असतो. विलायती स्टब त्या कामाची नाही.

शाई

मुंबईकराला शाईसाठी लांब जायला नको. दिगंबर दांडेकरांनी भावाबरोबर १९३१ साली याच शहरात घोडा छाप शाईच्या पुड्या आणि गोळ्या करायला सुरुवात केली, पुढे शाईपेनासाठी कॅमल शाई आली, आणि कॅमलिन हे नाव आपल्या कंपासपेटीत कायमचं बसलं. आता त्या कंपनीत जपानच्या कोकुयोची मालकी आहे, पण निळ्या शाईची बाटली अजून गल्लीतल्या स्टेशनरीत मिळते. नव्या पेनात पहिली शाई म्हणून तीच भरा. साधी, निरुपद्रवी, सहज धुतली जाणारी. पेन नीट चालतंय का हे अशाच शाईने कळतं.

शाईची तीन घराणी ओळखली की पुढचं सगळं सोपं होतं.

पहिलं, पाण्यात विरघळलेल्या रंगाची शाई. बाजारातल्या बहुतेक बाटल्या याच. पेनाला सुरक्षित, पण पाण्याला कच्च्या. जुलैत भिजलेल्या पाकिटावरचा पत्ता वाहून जातो तो या शाईचा. रॉयल ब्लू उन्हातही उडते. चेकवर ती वापरू नये. तिथे पुसली न जाणारी आणि स्कॅनमध्ये स्वच्छ उमटणारी गडद शाई हवी.

दुसरं, लोहाची शाई. झाडांच्या गाठी, साली, आपल्याकडे हिरडा, यांतलं टॅनिन आणि हिराकस यांचं हे जुनं रसायन. बाटलीत फिकी दिसते, कागदावर हवा लागली की तासाभरात, दिवसभरात काळवंडत जाते, कारण लोहाचं ऑक्सिडीकरण होऊन काळं संयुग कागदाच्या धाग्यांत बसतं. पाण्याने जात नाही. युरोपात दस्तऐवज शतकानुशतकं हिच्यात लिहिले गेले. शिवाय ही शाई कागदावर कमी फुटते, म्हणजे हलक्या वहीत मराठी लिहिणाऱ्याला तिचा दुहेरी उपयोग. पण ती आंबट असते. स्टीलच्या निबेत महिनोन् महिने ठेवायची नाही, दर भरणीला पेन धुवायचं. पेलिकनची ४००१ ब्लू-ब्लॅक किंवा रोरर अँड क्लिंगनरची सालिक्स या आजच्या सौम्य लोहशाया आहेत.

तिसरं, रंगकणांची शाई. हिच्यात रंग विरघळलेला नसतो, अतिसूक्ष्म कण तरंगत असतात. प्लॅटिनमची कार्बन ब्लॅक, सेलरची किवागुरो. पाणी, ऊन कशालाच दाद देत नाही. जिभेत वाळली तर मात्र निघता निघत नाही. रोज लिहिणाऱ्याने भरावी, सणासुदीला पेन उघडणाऱ्याने नाही.

या तिन्हींबाहेरची एक बाटली धोक्याची: ड्रॉइंगची वॉटरप्रूफ काळी शाई. आर्ट स्कूलच्या आसपासच्या दुकानांत ती शाईपेनाच्या शाईशेजारीच मांडलेली असते आणि बाटलीही दिसायला तशीच. तिच्यात लाखेसारखं बांधणीद्रव्य असतं. टाकाने किंवा ब्रशने वापरायची ती शाई पेनात भरली, की पेन संपलं.

चमचमत्या कणांच्या आणि वाळल्यावर वेगळाच रंग झळकवणाऱ्या शाया फोटोत देखण्या दिसतात. पहिल्यांचे कण जिभेत बसतात. दुसऱ्यांत रंग इतका ठासलेला असतो, की मुंबईच्या दमट हवेत ती अक्षरं दुसऱ्या दिवशीही बोटाला लागतात. पुण्यात, नाशकात हिवाळ्यात त्या कोरड्या होतील. इथे जूनपासून सप्टेंबरपर्यंत आशा सोडा.

बाटलीची एक काळजी. शाईत बुरशी न येण्याचं औषध असतं, पण दर वेळी वापरलेलं पेन बाटलीत बुडवून आपण बाहेरचं काहीबाही आत नेतो. बाटलीत तरंगणारा पांढुरका पापुद्रा किंवा कुबट वास आला तर ती बाटली आणि तिने भरलेलं पेन, दोन्हींचा संशय धरा. शाई ओतून द्या. औषधांच्या दुकानात मिळणाऱ्या पाच मिलिलिटरच्या सिरिंजने लागेल तेवढीच शाई काढून कन्व्हर्टर भरावा, हे पावसाळ्यात सगळ्यात स्वच्छ. उरलेली शाई बाटलीत परत ओतायची नाही आणि दोन शाया एकत्र करायच्या नाहीत.

कागद

कागद म्हणजे मुळात धाग्यांची जाळी. ती शाई शोषून घेऊ नये म्हणून कारखान्यात तिला खळ दिलेली असते. खळ चांगली असेल तर शाई वर थांबते आणि जागीच सुकते. कमी असेल तर ती धाग्याधाग्याने पळते, आणि अक्षराला मिशा फुटतात. जीएसएम हा आकडा वजनाचा आहे (एका चौरस मीटर कागदाचे ग्रॅम), खळीचा नाही. जपानचा तोमोए रिव्हर कागद ५२ जीएसएमचा, हाताला पतंगाच्या कागदासारखा, आणि त्यावर शाई मुळीच फुटत नाही. उलट आपल्याकडच्या ७५-८० जीएसएमच्या कितीतरी झेरॉक्स कागदांवर फुटते. तेव्हा आकडा वाचून वही घेऊ नका. शेवटच्या पानावर दोन शब्द लिहून, उलटवून मागून बघा. एकाच कंपनीच्या दोन खेपांच्या वह्याही वेगळ्या निघतात. एक चांगली निघाली की त्याच गठ्ठ्यातल्या आणखी उचला.

पावसाळ्यात कागदही ओल धरतो. मेमध्ये बरी असलेली वही जुलैत शाई फोडू लागते, ती याने. वह्या खिडकीपाशी न ठेवता लोखंडी कपाटात ठेवल्या तर फरक पडतो. कागद निवडणं हातात नसेल, समजा उत्तरपत्रिका किंवा ऑफिसचे फॉर्म, तर निब बारीक घ्या आणि शाई कोरडी, म्हणजे बेताने सुटणारी. पेलिकनच्या ४००१ मालिकेतल्या शाया तशा आहेत. टीपकागदाचा एक तुकडा वहीत असू द्या. तो अजूनही मिळतो आणि डाव्या हाताने लिहिणाऱ्यांना तर लागतोच.

मग घ्यायचं कुठलं

मराठी लिहायला, पहिलंच पेन, हात बॉलपेनाचा: प्लॅटिनमचं प्रेपी, ०.३ निबेचं, किंवा पायलटचं काकुनो फाइन. प्रेपी दिसायला फाटकं, पण त्याच्या टोपणात आत आणखी एक घट्ट बसणारं झाकण आहे. पडून राहिलं तरी शाई वर्षभर वाळत नाही असा कंपनीचा दावा आहे, आणि अनुभव त्याच्या बाजूने आहे. काकुनोची निब तर लहान मुलांसाठी हसरा चेहरा काढून दिलेली, तरी लिहिते मोठ्यांसारखी. दोन्हींना आपापल्याच कंपनीचं कार्ट्रिज लागतं, हे लक्षात ठेवा.

लामीचं सफारी हे १९८० पासून चालत आलेलं मजबूत पेन. पकड तिकोनी असल्याने बोटं आपोआप जागेवर बसतात. काहींना तेच जाचतं. मराठीसाठी त्याची एक्स्ट्रा फाइन निब घ्या, फाइनसुद्धा नको. निब ओढून बदलता येते, त्यामुळे चुकलात तरी पेन वाया जात नाही. ऑनलाइन निम्म्या किमतीत मिळणारी सफारी नकली असण्याची शक्यता फार.

देशी पेनांत हाताने कातलेल्या एबोनाइटच्या पेनांना तोड नाही. राजमहेंद्रीच्या रत्नमचं पेन वापरून गांधीजींनी १९३५ साली पत्राने पोच दिली होती; तिरुवल्लूरचं रंगा आजही हवी ती निब बसवून देतं. एबोनाइट म्हणजे गंधक मिसळून कडक केलेलं रबर. हाताला उबदार, जाड भिंतीचं, त्यामुळे तळव्याची उष्णता आतल्या हवेला लवकर पोचत नाही. उन्हात आणि दमटपणात त्याचा काळा रंग हळूहळू तपकिरी होतो. मला तो आवडतो, पण भेट देताना हे सांगून द्यावं. आपल्या मुंबईचं एअरमेल, म्हणजे वॅलिटी, हेही ड्रॉपरच्या पेनांतलं जुनं नाव. स्वस्त, धट्टंकट्टं, आणि निब नशिबावर. दोन-तीन चालवून घ्या.

लिहिताना पेन थोडं आडवं धरा, पंचेचाळीस-पन्नास अंशांत, आणि दाब सोडून द्या. बॉलपेनाला दाब लागतो कारण त्याची शाई घट्ट असते आणि छर्रा फिरवावा लागतो. इथे नुसतं टेकवायचं. पानाच्या मागे बोट फिरवून अक्षरं हाताला लागत असतील तर अजून दाबताय.

धुणं महिन्याकाठी एकदा, आणि शाई बदलताना प्रत्येक वेळी. साधं गार पाणी. गरम पाण्याने जीभ वाकते, स्पिरिटने पेनाचं प्लास्टिक तडकतं. महापालिकेचं पाणी तलावांतून येतं आणि मऊ असतं, ते चालतं. सोसायटीच्या बोअरवेलचं किंवा टँकरचं क्षारी पाणी असेल तर शेवटची चूळ फिल्टरच्या पाण्याची द्या, नाहीतर चिरेत पांढरट क्षार बसतात. कन्व्हर्टरने पाणी ओढत-सोडत राहा. मग निब खाली करून पेन जुन्या सुती कापडावर रात्रभर उभं ठेवा. सकाळी कापडावर निळा ठिपका आला तर आणखी एक फेरी.

चोर बाजारात जुनं पार्कर किंवा शेफर दिसलं आणि हात शिवशिवले, तर आधी निबेचं टोक भिंगातून बघा. मणी शाबूत असेल तरच पुढे बोला. आतली रबरी पिशवी बहुधा कडक होऊन तुटलेली असते, पण ती बदलता येते आणि तो खर्च फार नसतो. मणीच झडलेला असेल तर नवं टोक चढवून देणारे कारागीर आता विरळा, आणि मग ते पेन कितीही स्वस्तात मिळालं तरी शोभेचंच.